आजोबांचा शाईपेन सापडला तर ओळखायचा कसा आणि लिहिता करायचा कसा

मागच्या उन्हाळ्यात पावसाच्या आधी कवेलू फेरायला काढले आणि त्यासाठी माळ्यावरचं सगळं सामान अंगणात आणलं, त्यात एक लोखंडी पेटी होती जी मी लहानपणापासून कधी उघडलेली पाहिली नव्हती. आत जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, पावत्या, चष्म्याचं रिकामं घर आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक पेन, रंग असा की धड काळा नाही धड हिरवा नाही, शेवाळल्यासारखा. मी म्हटलं गेला हा, पण आई मागून म्हणाली, "तुह्या आबाजीचा हाय रे थो, फेकू नोको." आबाजी म्हणजे माझे आजोबा, दारव्ह्याकडच्या एका जिनात दिवाणजी होते, कापसाच्या गाड्या लागल्या की वजनाच्या पट्ट्या रात्रीपर्यंत हातानं लिहायचे.

तो पेन आज मस्त लिहून राहिला. त्याच्यानंतर नात्यातले, गावातले मिळून सात-आठ पेन मी सुरू केले, त्यातून जे समजलं ते इथं लिहितो, कारण असे पेन विदर्भातल्या घराघरात पडले आहेत, गुरुजींचे, पटवाऱ्यांचे, पोस्टमास्तरांचे, आणि बहुतेकांना काही झालेलंच नसतं, फक्त शाई वाळलेली राहते.

पेन सापडला की माणूस दोन गोष्टी हमखास करतो, एक तर नळाखाली धरून खसाखसा धुतो, नाही तर पक्कड घेऊन उघडायला बसतो. दोन्ही करू नका. पक्कडीचं मी केलं आहे म्हणून सांगतो. मामाकडे एक पार्कर होता, समोरचा भाग फिरेना म्हणून मी पक्कडीनं जोर लावला आणि प्लॅस्टिकला टोपणाच्या कडेपासून उभी चीर गेली. मामा काही बोलले नाहीत पण तो पेन त्यांच्या वडिलांनी पहिल्या पगारात घेतलेला होता. ती चीर आता जन्मभर राहणार. म्हणून पहिल्या दिवशी फक्त पाहायचं, मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे आणि पेन बाजूला ठेवून द्यायचा.

पाहायचं काय, तर आधी हा कशाचा बनला आहे ते. पेनच्या मागच्या टोकाला अंगठ्यानं जोरात घासा, गरम होईपर्यंत, आणि लगेच नाकाशी न्या. जळक्या रबरासारखा, गंधकासारखा वास आला तर तो एबोनाइट, म्हणजे रबर आणि गंधक तापवून कडक केलेलं मटेरियल. जुने देशी पेन बरेचसे याचेच. एबोनाइट उन्हानं आणि पाण्यानं शेवाळी-तपकिरी पडतो, आबाजींच्या पेनला तेच झालं होतं, आणि अशा पेनला तुम्ही बादलीत रात्रभर बुडवून ठेवलं तर सकाळी अजून भुरा झालेला निघेल. कापरासारखा वास आला, अगदी पूजेतल्या कापरासारखा, तर तो सेल्युलॉइड. रंगीत, संगमरवरासारख्या रेघांचे जुने पेन पुष्कळदा याचे राहतात. याच्याजवळ काडी, मेणबत्ती, गॅस काहीही आणू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतो. काही जण सुई तापवून टोचून पाहतात, ते तर अजिबातच नाही. काही जुने इंग्लिश पेन दुधातल्या केसीनपासून बनवलेले असायचे, ते पाण्यात फुगतात. वास काहीच नाही आला तर बहुतेक नंतरचं प्लॅस्टिक, त्याला पाण्याचं भय नाही, पण गरम पाण्याचं आहे.

मग शाई भरायची पद्धत. मागची कांडी हातानं फिरवून पाहा. फिरत नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दोन्हीकडे गुंडाळा, पकड चांगली बसते आणि ओरखडा पडत नाही. तरी नाही फिरली तर जोर लावू नका, आट्यात शाई वाळून चिकटली आहे, तिथं ड्रॉपरनं दोन थेंब पाणी सोडा, पुसा, उद्या परत पाहा. मला एका पेनला पाच दिवस लागले. उघडल्यावर कांडी आतून पूर्ण रिकामी असेल, लोखंडाची पट्टी नाही, रबर नाही, तर तो ड्रॉपरचा पेन, शाई सरळ कांडीत भरायची. बाजूला उचलायची छोटी दांडी असेल तर तो लिव्हरचा, आत रबराची पिशवी राहते आणि दांडी ती दाबते. मागे फिरवायची घुंडी असेल तर पिस्टन, दट्ट्या मागेपुढे होतो. आणि आत धातूची नळी, तिला दाबायची पट्टी, तर तो पार्कर 51 च्या जातीचा. लिव्हरच्या पेनात कांडी उघडून वरून शाई ओतू नका, आमच्या गावात एकानं ओतली होती, आतली लोखंडी पट्टी गंजून चिकटून बसली.

आता कंपनी. टोपणाची कड, क्लिप, कांडी आणि निब या चार जागी भिंगातून पाहा. भिंग नसेल तर घड्याळजीकडे डोळ्याला लावायचं भिंग मिळतं, 10 पट मोठं दाखवणारं घ्या, सगळ्या कामात तेच लागणार. कोरलेलं नाव झिजलं असेल तर टॉर्च आडवी धरा, सावलीत अक्षरं उठून दिसतात. चुकूनही तिथं आधी पॉलिश करू नका, घासून नाव गेलं की ओळख गेली.

आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ पार्कर आणि हिरोचा होतो. पार्कर 51 हा 1941 मध्ये बाजारात आला, त्याची निब झाकलेली राहते, फक्त टोक बाहेर दिसते, आणि क्लिप बाणासारखी. 1948 पर्यंत त्याच्या मागच्या टोकाची छोटी टोपी काढली की दाबायचा दांडा निघे, आणि 1948 पासून धातूच्या नळीतली दाबायची पट्टी आली, जिच्यावर किती वेळा दाबायचं ते इंग्रजीत कोरलेलं राहतं. चीनचा हिरो 616 दिसायला हुबेहूब तसाच, म्हणून घरोघरी "आमच्याकडे पार्कर आहे" असं सांगतात आणि निघतो हिरो. टोपणावर चिनी अक्षरं दिसली की समजून घ्या. त्यात नाराज व्हायचं काही कारण नाही, माझ्याकडचा हिरो अजून बारीक आणि साफ लिहितो. शेफरच्या वरच्या मॉडेलवर क्लिपच्या वर पांढरा ठिपका राहतो, त्यावरून तो लगेच ओळखू येतो.

देशी पेनांमध्ये रत्नम आणि विल्सन ही नावं लक्षात ठेवा. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नमचं काम 1932 चं, आणि त्याचा एक धागा आपल्या वर्ध्याला येतो, 1935 मध्ये गांधीजी मगनवाडीत राहत होते तेव्हा रत्नम यांनी गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या हातून त्यांना पेन पाठवला, गांधीजींनी तो वापरला आणि परदेशी पेनाच्या जागी हा चांगला आहे असं आभाराचं पत्र लिहिलं. पण बऱ्याच देशी पेनांवर काहीच नाव नसतं, लेथवर हातानं वळवलेले. आबाजींचा असाच. मी दोन आठवडे नाव शोधत बसलो आणि मग सोडून दिलं.

निबेवर काय लिहिलं आहे ते मात्र नक्की वाचा. 14 के किंवा 585 म्हणजे 14 कॅरेट सोनं, 18 के किंवा 750 म्हणजे 18 कॅरेट. पण त्याच्या शेजारी जी.पी. किंवा प्लेटेड असेल तर नुसता मुलामा. लोहचुंबकाला चिकटली तर सोनं नाही हे पक्कं, पण नाही चिकटली म्हणून सोनंच असंही नाही, काही स्टील चिकटत नाही. टोकावरचा जो बारीक दाणा असतो तो सोन्याच्या निबेलाही वेगळ्याच कडक धातूचा असतो, इरिडियम म्हणतात त्याला, आणि लिहिणारा खरा भाग तोच. सोन्याची निब असेल आणि पेन कोणाला दुरुस्तीला देणार असाल तर त्याच्यासमोर निबेचा फोटो काढून मग द्या. काकांचा पेन एका ठिकाणी दिला होता, परत आला तेव्हा निब चकचकीत होती पण ती आमची नव्हती, आणि आमच्याकडं दाखवायला काहीच नव्हतं.

आता धुणं. पाणी साधं, खोलीतल्या गारव्याचं. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं क्षाराचं आहे की तांब्यावर पांढरे डाग पडतात, तेच डाग निबेच्या बारीक चिरेत बसतील, म्हणून मी इन्व्हर्टरमध्ये टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणतो, बाटलीवर नीट वाचून, ॲसिडची बाटली नको. आरओचं पाणीही चालते. एका वाटीत इतकंच पाणी घ्या की निब बुडेल आणि बोटं धरायची जागा कोरडी राहील, पेन उभा टेकवून ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत काही होत नाही असं वाटतं आणि मग निबेखालून निळ्या रंगाचा एक धागा निघतो, सरळ खाली जातो आणि वाटीच्या तळाशी पसरतो. ती आबाजींची शाई, निदान चाळीस वर्षं वाळलेली. मी वाटीसमोर अर्धा तास बसून होतो. पाणी निळं झालं की बदलायचं, असं दोन दिवस, तीन दिवस, पाणी साफ राहीपर्यंत. मग टिशू पेपरचं टोक निबेला लावून ठेवा, आतली उरलेली शाई तो ओढून घेतो.

कांडी एबोनाइटची असेल तर आतून ड्रॉपरनं पाणी घालून हलवा, लगेच ओतून द्या, बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा. पाण्यानं नाहीच निघालं तर दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, फक्त निबेला, थोडा वेळ, आणि मग साध्या पाण्यानं भरपूर धुवा. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर, पेट्रोल यातलं काही लावू नका, सेल्युलॉइड आणि पुष्कळ प्लॅस्टिक त्यात विरघळतं किंवा तडकतं. टोपण विसरू नका, आत खूप शाई राहते, कानात घालायच्या कापसाच्या काडीनं ओलं करून पुसा. आबाजींच्या टोपणात क्लिपच्या मुळाशी पिवळं काहीतरी घट्ट बसलं होतं, मला वाटलं गंज आहे, भिंगातून पाहिलं तर हळद. दर दसऱ्याला वह्यांसोबत पेन पूजेत मांडायचे आणि त्याला हळदकुंकू लावायचे, आई म्हणाली. तेवढी मी तशीच ठेवली.

भुऱ्या पडलेल्या रंगाचं काय करायचं हे लोक फार विचारतात. बारीक पॉलिश पेपरनं, 2000 नंबरच्या वर, वरचा थर घासला की खालून काळा निघतो. पण त्याच्याबरोबर कांडीवरच्या रेषा, नाव, दाताचे ठसे सगळं जातं. माझ्या मते करू नये. मऊ फडक्यानं हातानं घासत राहा, वापरता वापरता चमक येते.

लिव्हरच्या पेनातली रबराची पिशवी मात्र बदलावीच लागते, ती आत पापडासारखी कडक झालेली निघते, हलवलं की खुळखुळते. समोरचा भाग कांडीत लाखेनं बसवलेला राहतो, त्याला हेअर ड्रायरनं लांबून फिरवत फिरवत गरम करा, हाताला सोसवेल एवढंच, मग ट्यूबच्या तुकड्यानं हळूहळू डावी-उजवीकडे हलवत ओढा. सेल्युलॉइड असेल तर हे काम जाणत्या माणसाकडूनच करवून घ्या. नवीन पिशवी ऑनलाइन मिळते, नंबर म्हणजे इंचाचे 64 भाग केले त्यातले किती इतका तिचा बाहेरचा व्यास, 16 नंबर म्हणजे 6.35 मिलिमीटर, जुनी जिथं बसली होती ती नळी मोजून घ्या. काही जण सायकलची व्हॉल्व ट्यूब लावतात, ती आतून बारीक आणि भिंतीला जाड, तिच्यात शाई मावत नाही. चिकटवायला फेविक्विक नको, परत कधी उघडणार नाही. सुतार फर्निचर पॉलिशला चपडा वापरतात तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, चार पत्र्या स्पिरिटमध्ये भिजवून घट्टसर करायच्या आणि त्याचा पातळ थर लावायचा. चपडा म्हणजे लाख, आपल्याकडच्या पळसावर, बोरीवर, कुसुमावर जे किडे बसतात त्यांचीच. पिशवीवर बिनवासाची शुद्ध टाल्क चोळून मग आत घाला, कॅरमची पावडर नको. पार्कर 51 ची धातूच्या नळीतली पिशवी मात्र वेगळ्या प्लॅस्टिकची आहे आणि अजूनही मऊ निघते, दाबून पाणी ओढत असेल तर तिला हातसुद्धा लावू नका.

ड्रॉपरच्या पेनाला आट्यातून गळती लागते, त्यासाठी आट्यांवर सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लावा. व्हॅसलिन लावायची पद्धत जुनी आहे पण ते रबराला खराब करते.

आता निब. भिंगातून समोरून पाहा, टोकाचा दाणा मधोमध चिरलेला दिसेल, दोन्ही भाग एका रेषेत पाहिजे. एक वर एक खाली असेल तर पेन एका बाजूला ओढताना कागद खरवडतो. जो वर आहे त्याला नखानं हळूच खाली दाबा, सोडा, पाहा, परत दाबा. एका वेळी केसभर. चिरेत ब्लेड घालू नका, कचरा अडकला असेल तर 0.05 मिलिमीटरची पातळ पितळी पत्री फिरवा. निबेखाली जी काळी जीभ असते तिच्यात आणि निबेत फट दिसत असेल तर शाई वाहत नाही. जीभ एबोनाइटची असली तर निब आणि जीभ तेवढी अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा, उकळत्या नाही, आणि बाहेर काढून अंगठ्यानं जीभ निबेकडं दाबून धरा, गार होईपर्यंत. प्लॅस्टिकच्या जिभेला हे करू नका.

आणि इथं मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे. एवढं करून आबाजींचा पेन शाई द्यायला लागला पण कागदावर करकर करी, "क" ची गाठ काढताना तर कागद फाटायचा. सगळे म्हणाले पॉलिश पेपरवर दोन वेळा आठचा आकडा काढ, गुळगुळीत होईल. मी पेपर आणूनही ठेवला होता. मग एक दिवस भिंगातून बाजूनं पाहिलं तर टोकाचा दाणा गोल नव्हता, डाव्या अंगाला तिरपा सपाट झिजलेला होता, जशी पाट्यावर वरवंट्याची एक बाजू झिजते. म्हणजे आबाजी पेन थोडा डावीकडं कलवून धरत आणि वर्षानुवर्षं त्याच कोनात लिहिल्यानं दाणा त्यांच्या हाताचा झाला होता. मी पेन बोटात केसभर डावीकडं फिरवला, परत थोडा फिरवला, आणि एका जागी करकर एकदम बंद झाली. तिथं तो लोण्यासारखा चालतो. त्यातून इकडंतिकडं झालं की परत खरवडतो. म्हणून जुना पेन खरवडत असेल तर घासायच्या आधी बोटात फिरवून पाहा, डावीकडं, उजवीकडं, उभा, आडवा, प्रत्येक कोनात दोन ओळी लिहा. जो कोन सापडेल तो त्या माणसाचा धरायचा कोन आहे, आणि पॉलिश पेपर फिरवला की तो कायमचा पुसला जातो.

शाई साधी फाउंटन पेनची घ्या, कॅमलची रॉयल ब्लू कुठंही मिळते आणि कोणत्याच पेनाला त्रास देत नाही. जुन्या पद्धतीची लोहयुक्त ब्लू-ब्लॅक स्टीलच्या निबेला खाते. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, शिक्क्याची शाई, जेलच्या रिफिलमधली शाई, यातली एक जरी भरली तर वरची सगळी मेहनत वाया. आणि आपला उन्हाळा. पंचेचाळीसच्या वर पारा गेला की ड्रॉपरचा पेन ओकतो, कारण कांडीतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते, शाई जितकी कमी तितकी हवा जास्त आणि तितका डाग मोठा. म्हणून मार्च ते जून एक तर पूर्ण भरलेला ठेवा नाही तर रिकामा करून धुवून ठेवा, अर्धा नको, खिशात निब वर करून लावा, गाडीच्या डिक्कीत विसरू नका. सेल्युलॉइडचा पेन हवाबंद डब्यात आणि टिनाखाली ठेवू नका. रोज दोन ओळी लिहिल्या तर शाई वाळत नाही, महिनाभर लिहायचं नसेल तर धुवून ठेवा.

कागद बदलून पाहायलाही विसरू नका. दुकानातल्या स्वस्त रजिस्टरवर शाई पसरते आणि माणसाला वाटतं पेनच खराब आहे. आबाजींच्या पेटीतल्या कोऱ्या पट्ट्यांचा एक गठ्ठा उरला होता, जाड, पिवळा पडलेला कागद, त्याच्यावर ही शाई तारेसारखी बारीक उमटते. आई आता त्याच पट्ट्यांवर दुधाचा हिशोब लिहिते. तिला कोन सांगावा लागला नाही, ती लहानपणापासून डावीकडंच कलवून लिहिते, अक्षर गिरवायला तिला आबाजींनीच शिकवलं होतं.